प्रश्नावली, पान चौथं

रिब्निकमध्ये जानेवारीत
संध्याकाळ साडेतीनलाच येते,
आणि तिच्याआधी तिचा वास.

आलोइझ कोत्सुरच्या दारात मी बुटांवरचा बर्फ झटकते.
बॅगेत बारा पानं, दोन पेनं
(थंडीत एक हमखास दगा देतं)
आणि पत्र्याच्या डबीत पांढरे गोल कागद,
यंत्रात एका वेळी एक, आठवडाभर.
"हे कशाला?" मागच्या खेपेला त्यानं विचारलं होतं.
हवा गाळायला, मी म्हटलं.
"मी एकतीस वर्षं गाळली, खाणीत, छातीनं,"
म्हणाला आणि खोकेपर्यंत हसला.

आज हसत नाही.
रोझाल्काला कातोवित्सेच्या वॉर्डात नेऊन सहावा आठवडा.
सात वर्षांची नात.
नडग्यांवरचे निळे डाग
आधी सगळ्यांना घसरगुंडीचेच वाटले होते.
तिचे जांभळे बूट पायपुसण्यावर आहेत अजून,
टाचा जुळवून.

पान पहिलं: घर मोठ्या रस्त्यापासून किती अंतरावर?
अंदाजे सांगा, मी म्हणते.
"अंदाजे नको," म्हणत तो घरातल्या सपातांवरच
बर्फात उतरतो, पावलं मोजत.
सत्तावन्न.
जाताना सत्तावन्न, येताना अठ्ठावन्न.
दोन्ही लिहायला लावतो.

मुलाची खोली कोणत्या बाजूला?
खिडकी उघडता का?
"उघडली तर शेजाऱ्याचा धूर,
मिटली तर आमचा."

पान चौथं: घरात काय जाळता?

पायाखाली तळघरात बॉयलर घरघरतो.
निवृत्तांना खाणीकडून मिळणारा कोळसा, हक्काचा,
हे या गल्लीत कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.
तो सांगतो.
कोळसा. महिनाअखेर भुकटी.
मोडक्या कपाटाच्या फळ्या, वार्निशसकट.
आणि एकदा, तिला ताप होता त्या रात्री,
जे हाताला लागलं ते.
"खोली ऊबदार नको का?"

मी 'इतर'च्या चौकटीत खूण करते.
"खूण नको," तो म्हणतो, "शब्दांत लिहा."

मग तो विचारतो.
काय विचारणार ते दारातल्या बुटांनीच सांगितलं होतं.
आम्हांला त्यावर एक वाक्य दिलेलं आहे:
संबंध दिसतो, कारण म्हणता येत नाही.
हजारो मुलांची बेरीज मांडली
की आकडा जरासा वर सरकतो,
एका मुलापाशी नेला की मुका होतो.
पाठ आहे, म्हणून फार नीट येतं ते तोंडातून.
तो ऐकतो
खाणीतला माणूस छत ऐकतो तसा,
कुठं करकरतंय का.

यंत्र मागं, कबुतरखान्याच्या भिंतीला.
मी झाकण उघडते.
गेल्या सोमवारी घातला तेव्हा हा कागद
चर्चमध्ये जिभेवर ठेवतात
त्या पातळ चकतीसारखा होता.
आता काळा. फक्त कड्यानं धरलेली
किनार तेवढी पांढरी.
आलोइझ टोपी काढतो.
का ते त्यालाही कळत नसावं,
कारण लगेच कानापर्यंत ओढून घालतो.

"थांबा, हे जरा धरा."
माझ्या हातात एक कबुतर.
साखर. नाव रोझाल्कानं ठेवलेलं.
डिसेंबरपासून राखी.
तो कोमट पाण्यात फडकं बुडवून
एकेक पीस पुसतो, मुळापासून टोकाकडं,
अंगठ्यानं, घाई न करता.
वॉर्डात फोटो पाठवायचाय.
"पांढरी दिसली पाहिजे. नाहीतर
विचारते, आजारी आहे का?"

माझ्या तळव्यात ते इवलंसं काळीज
केवढ्या वेगानं चालतं.
फोटो तीन वेळा हलतो.

उणे अकरा. खाली जाऊन त्याला
बॉयलरमध्ये फावडं घालावंच लागेल,
तो माझ्याकडं बघत नाही, जातो.
परत येतो तेव्हा मी पानं चाळत असते.

पान पाचवं: मूल सध्या याच पत्त्यावर राहतं का?
"हो," तो म्हणतो.

पेन उमटत नाही.
दुसरं काढते.